जांगडावर आणलेलं मीटर

माझ्या सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा घरात सगळ्यांना डोळ्याची काळजी लागली आणि मला रेडिओची. हे लिहिताना बरं दिसत नाही, पण दोन्ही काळज्या शेवटी एकच होत्या. कशा, ते सांगतो.

दिवाळसणाला जावयाला कुणी अंगठी देतं, कुणी सायकल देतं. माझ्या सासऱ्यांनी मला आपल्या घरातला व्हॉल्व्हचा रेडिओ दिला, आणि देऊन झाल्याबरोबर त्यांना पश्चात्ताप झाला असावा. कारण त्यानंतर कुर्डुवाडीहून ते जेव्हा जेव्हा सोलापूरला आमच्याकडे आले, तेव्हा पिशवी खाली ठेवायच्या आधी रेडिओ लावून बघत. पाणी नंतर. लेकीची विचारपूस त्याच्याही नंतर. कान रेडिओच्या तोंडावरच्या फडक्याला लावून म्हणत, "जावईबापू, आवाज बसल्यासारखा वाटतोय. उघडला होता काय तुम्ही?"

मी नाही म्हणायचो. त्यांचा विश्वास बसायचा नाही, आणि खरं सांगायचं तर बसू नये हेच योग्य होतं. तेव्हा मला रेडिओ दुरुस्तीचा नाद लागला होता. गिरणीत कारकुनी करायची आणि संध्याकाळी एका जुन्या पुस्तकातून रेडिओ शिकायचा. शिकण्यासाठी घरात रेडिओ एकच होता.

आता डोळ्याचं. त्या काळी मोतीबिंदू काढला की दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून माणसाला उताणं निजवत. डोकं हलवायचं नाही, खोकायचं नाही, उठून बसायचं नाही. दवाखान्यातून घरी सोडल्यावरही पुष्कळ दिवस तसंच, आणि ते दिवस सासरे आमच्याकडेच काढणार होते. कुर्डुवाडीतल्या त्यांच्या ओळखीतल्या एकानं कंटाळून पट्टी ओढली आणि डोळा कायमचा गेला होता. आणि माझे सासरे म्हणजे रेल्वेच्या मालधक्क्यावरचा क्लार्क म्हणून निवृत्त होऊनही रोज स्टेशनवर जाऊन कुठली गाडी किती उशिरा आली हे बघणारा माणूस. एका जागी पडून राहणं त्यांच्या अंगातच नव्हतं. रेडिओ लागला की मात्र ते हलत नसत. बातम्या, कीर्तन, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, काहीही चाले. शेती नव्हती तरी खतांची माहिती ते हूं हूं करत ऐकत.

"रेडिओ चालू असेल तर बाबा निजून राहतील," बायको म्हणाली. "नाहीतर पट्टी सोडून निघतील गाडी बघायला. रेडिओ नीट आहे ना?"

"नीट आहे," मी म्हणालो.

तो नीट नव्हता. पहाटे भक्तिगीतं खणखणीत लागायची. मग सकाळ जरा वर आली की स्टेशन पुसट होत होत नाहीसं व्हायचं आणि नुसती घूं उरायची. दुपारी मधेच शुद्धीवर यायचा, परत जायचा. संध्याकाळी मी गिरणीतून येईपर्यंत तर अगदी मेलेला असायचा. मी निदान केलं होतं की व्हॉल्व्ह तापला की दमतो. निदान ऐकायला इतकं चांगलं होतं की मी ते गिरणीतल्या चार जणांना सांगूनही टाकलं होतं.

दुकानात नेला असता तर? नेला नसता. रेडिओ दुरुस्तीवाले चांगले व्हॉल्व्ह काढून घेतात आणि जुने घालतात, हे मला पक्कं माहीत होतं. कुणी सांगितलं होतं ते आठवत नाही. असल्या गोष्टी कुणी सांगाव्या लागत नाहीत. तेव्हा दोष आपणच शोधायचा आणि त्यासाठी मल्टिमीटर घ्यायचं, असं मी ठरवलं. आकडे दाखवणारी मीटरं मी फक्त इंग्रजी मासिकातल्या चित्रात पाहिली होती. आमच्या आवाक्यातलं मीटर म्हणजे काट्याचं, काळ्या डबीतलं, दोन वायरी लोंबणारं. त्यातलंही स्वस्तातलं.

नवी पेठेत विजेच्या सामानाचं एक दुकान होतं. मालक लिंगायत, गिऱ्हाइकाशी मराठीत आणि आत बसलेल्या भावाशी कानडीत बोलणारे. त्यांनी मीटर पुढ्यात ठेवलं, दुकानातल्या प्लगात वायरी घातल्या, काटा दोनशे तीसला जाऊन उभा राहिला. मग ते भावाकडे वळून कानडीत काहीतरी म्हणाले आणि भाऊ हसला. झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथं.

"घरी नेऊन बघतो," मी म्हणालो. "जांगडावर द्या."

जांगड म्हणजे माल घरी न्यायचा, पसंत पडला तर ठेवायचा, नाही तर परत. आमच्याकडे साड्या जांगडावर नेतात, दागिने नेतात. मीटर कुणी नेलं नसावं.

"मीटर जांगडावर?" मालक म्हणाले. "साहेब, लुगडं हाय का हे, घरच्यांना रंग दाखवाया?"

"खात्री केल्याशिवाय मी वस्तू घेत नाही."

"न्या की. पण आतला स्क्रू फिरवू नका बरं का. लोक लई हुशार झालेत. नवं नेतात आणि जुनं परत आणतात." असं म्हणून त्यांनी डबीच्या मागं पेन्सिलीनं एक खूण केली. तेव्हा माझी खात्री पटली की हा माणूस सरळ नाही. सरळ माणूस खुणा कशाला करील?

घरी आलो, दिवा लावला, मीटर प्लगाला जोडलं. पुस्तकात स्पष्ट छापलं होतं की घरातल्या विजेचा दाब दोनशे तीस व्होल्ट असतो. काटा एकशे पासष्टला जाऊन थांबला. मी डबीला टिचकी मारली. एकशे पासष्ट. वायरी उलटसुलट केल्या. एकशे पासष्ट.

इथं मला आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही साखर पेठेत राहत होतो. मागच्या भिंतीला लागून पॉवरलूमचा कारखाना, समोर कारखाना, गल्लीच्या दोन्ही तोंडांना कारखाने. चादरी आणि टॉवेल. माग सकाळी सुरू व्हायचे ते जेवणाची सुट्टी सोडून रात्री जेवणं होईपर्यंत खटखटत. मी त्याच गल्लीत वाढलेला. मला तो आवाज ऐकू यायचा नाही, जसा आपल्याला आपला श्वास ऐकू येत नाही. आणि संध्याकाळी दिवा पिवळा पडायचा, तर दिव्याचा रंग पिवळाच असतो अशी माझी लहानपणापासूनची समजूत. पांढरा उजेड मी नवी पेठेतल्या दुकानांत पाहिला होता आणि ते लोक महागाचे बल्ब वापरतात असं धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी मीटर परत नेलं. "हे कमी दाखवतं."

मालकांनी दुकानात लावलं. दोनशे तीस. "बगा. कुटं कमी हाय?"

"घरी एकशे पासष्ट दाखवलं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पेन्सिलीची खूण पाहिली, स्क्रू पाहिला. मग दुसरं मीटर दिलं. तेही दुकानात दोनशे तीस आणि घरी एकशे पासष्ट. तिसरंही तसंच. तिसऱ्या खेपेला मी घरी बसून शांतपणे विचार केला. तीन वेगवेगळी मीटरं, तिन्ही या दुकानात चढतात आणि माझ्या घरी उतरतात. म्हणजे खोट मीटरात नाही. खोट कुठं आहे? दुकानाच्या प्लगात. या माणसानं प्लगात काहीतरी करून ठेवलंय, की कुठलंही खोटं मीटर तिथं लावलं की खरं दिसावं. इथपर्यंत माझा तर्क अगदी पायरी-पायरीनं चढत आला होता. आजही तो कागदावर मांडला तर सुंदर दिसतो.

चौथ्यांदा गेलो तेव्हा काउंटरच्या खालच्या फळीवर एक मीटर नुसतंच पडलेलं दिसलं. खोकं नव्हतं.

"ते दाखवा," मी म्हणालो.

"ते नको, साहेब. ते चढं दाखवतंय. परत आलेला माल हाय." त्यांनी जोडून दाखवलं. काटा तीनशे वीसला गेला. "बगा की. तीनशे वीस असती तर ह्या दुकानातले बल्ब फुटले असते का न्हाई?"

पण माझ्या डोक्यात आता दुकानाचा प्लगच गुन्हेगार होता. आणि गिऱ्हाइकाला एखादी वस्तू घेऊ नका असं सांगणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. का सांगतोय हा? स्वतःसाठी ठेवलेलं असणार. खालच्या फळीवर, हाताशी.

"हेच नेतो."

"खोटं कशाला सांगूलालोय मी? ते बिगडलेलं हाय."

"जांगडावर नेतो."

मालकांनी भावाकडे बघून कानडीत पुन्हा काहीतरी म्हटलं. या वेळी भाऊ हसला नाही, त्यानं नुसती मान हलवली. आजारी माणसाबद्दल बोलताना हलवतात तशी.

घरी आणलं. संध्याकाळची वेळ. दिवा नेहमीसारखा पिवळा. काटा उठला आणि दोनशे तीसवर, अगदी रेघेवर, उभा राहिला. मला इतका आनंद झाला की मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून काटा दाखवला.

"मग?" ती म्हणाली.

"सबंध दुकानात खरं बोलणारं हे एकच होतं, आणि तो ते विकत नव्हता."

"का विकत नव्हता?"

"तेच तर."

ती काटा बघत उभी राहिली. "जो माणूस विकायला बसलाय तो विकत नाही म्हणतो, आणि तुम्हाला त्यात संशय येतो तो त्याचाच?" एवढं बोलून, भाजी करपायला लागली म्हणून, ती आत गेली. भाजी करपली नसती तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मला कधीकधी वाटतं. पण हा भाजीवर अन्याय आहे. मी तेव्हा कुणाचंच ऐकलं नसतं. दुसऱ्याच दिवशी जाऊन मीटर कायमचं घेऊन टाकलं.

त्या मीटरनं मी संध्याकाळच्या वेळी रेडिओचं पोट तपासलं. पुस्तकात जिथं जेवढा दाब लिहिला होता तिथं तेवढाच. दाब सगळीकडे ठीक, म्हणजे दुखणं भागांत. एक व्हॉल्व्ह बदलला, दोन कंडेन्सर बदलले, जिथं जिथं डाग दिसला तिथं पुन्हा कथलाचा डाक दिला. शेवटचा डाक सुट्टीच्या दिवशी पहाटे दिला आणि रेडिओ लावला. भक्तिगीत असं काही कडाडलं की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. मी बायकोला म्हणालो, "आण आता बाबांना."

ऑपरेशन चांगलं झालं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मागच्या खोलीत खाट टाकली होती, उशाशी रेडिओ. मी रजा काढली होती. पहिल्या दिवशी पहाटे रेडिओ लावला. सासरे ऐकत पडले. "आवाज चांगलाय," ते म्हणाले, आणि मला वाटलं की लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच हा माणूस माझ्यावर खूश आहे.

सकाळच्या बातम्यांच्या सुमाराला आवाज पुसट झाला. मग घूं. मग काही नाही.

"बंद का केला?"

"केला नाही, मामा. आपोआप..."

"वीजबिलाचं एवढं असेल तर मी देईन."

"बाबा, बिलासाठी कोण बंद करतंय?" बायको दारातून म्हणाली.

"मग कुणी केला? मला दिसत नाही म्हणून काय वाटेल ते सांगता." आणि त्यांनी डोकं उचललं. बायको धावत गेली, दोन्ही हातांनी कपाळ धरून परत उशीवर टेकवलं. तिनं माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलेलो नाही. त्यात नवऱ्याला काहीच जागा नव्हती.

मी रेडिओ उघडला, हलवला, व्हॉल्व्ह काढून घातले. दुपारी जेवणाच्या वेळेला तो आपणहून बोलू लागला. तासाभरानं परत गेला. संध्याकाळभर नाही. सासरे अस्वस्थ. हात पट्टीकडे जायचा, बायको तो धरायची, पुन्हा जायचा. "खाज येतेय," म्हणायचे. खाज नव्हती, कंटाळा होता. ती त्यांच्याजवळ बसून गाड्यांच्या वेळा विचारत होती. कुठली गाडी कुठल्या जंक्शनला किती थांबते हे ते सांगत होते. असं किती वेळ चालणार?

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी त्यांनी मला बोलावलं. आवाज अगदी खालचा, कुणावर आळ घेताना काढतात तसा.

"जावईबापू, मागच्या भिंतीपलीकडे काय आहे?"

"मागांचा कारखाना."

"त्याचं आणि तुमचं काय आहे?"

"काही नाही. का?"

"तो माग सुरू करतो आणि तुम्ही रेडिओ बंद करता. तो थांबतो आणि तुम्ही लावता. तीन दिवस ऐकतोय. मला दुसरा उद्योग काय आहे? त्यानं तक्रार केलीय का रेडिओची? की तुम्ही त्याला काही देणं लागता?"

मी ऐकू लागलो. आयुष्यात पहिल्यांदाच त्या आवाजाकडे कान दिला. खटाक् खटाक् खटाक्, भिंत थरथरत होती, रेडिओवरचं फडकं थरथरत होतं. त्या माणसाला डोळे नव्हते आणि तो कुर्डुवाडीचा होता, म्हणून त्याला हे ऐकू येत होतं.

"मग तो आपली वीज ओढतोय," सासरे म्हणाले. संशय आता माझ्यावरून भिंतीपलीकडे गेला होता. "सगळे माग एकदम सुरू झाले की दाब पडणारच."

"दाब पडलेला नाही, मामा," मी जरा अधिकारानं म्हणालो. "माझ्याकडे मीटर आहे." मीटर आणलं, प्लगाला लावलं. काटा दोनशे तीस. "दोनशे तीस. बरोब्बर."

"मला काटा दिसत नाही."

"ही बघते," मी म्हणालो. बायको वाकली, म्हणाली, "दोनशे तीस आहे, बाबा." लेकीचं त्यांनी मानलं, पण तोंड वाकडंच.

मी वायरी काढणार एवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. एक माग थांबला, मग दुसरा, मग सगळे. त्या शांततेत उशाशी रेडिओ खाकरला आणि कुणीतरी ज्वारीवरच्या किडीबद्दल मोठ्यानं बोलू लागलं. त्या काळोख्या खोलीत दिवसाही लागणारा डोक्यावरचा दिवा पिवळ्याचा पांढरा झाला. मी मीटरकडे बघितलं. काटा तीनशे वीस.

"आता किती?" सासरे.

मी डबीला टिचकी मारली.

"अहो, बाबा विचारतात," बायको म्हणाली. तिला काटा दिसत होता.

"तीनशे वीस."

"आणि माग चालू होते तेव्हा?"

"दोनशे तीस."

"म्हणजे चालू असताना कमी, बंद झाल्यावर जास्त. मी दुसरं काय म्हणत होतो?"

तीनशे वीस खरे असते तर रेडिओतून धूर निघाला असता. तो तर ज्वारीबद्दल बोलत होता. म्हणजे खरे दोनशे तीस आत्ता होते, आणि माग चालू असताना एकशे पासष्टच. माझ्या डोक्यात नवी पेठेतलं दुकान उभं राहिलं, त्यातला तो सरळ साधा प्लग, आणि मी एकामागून एक परत केलेली तीन प्रामाणिक मीटरं. मी हयातभर ज्या गल्लीत राहिलो तिथल्या विजेबद्दल ती मला खरं सांगत होती, आणि मी त्यांना खोटं ठरवून, पुस्तकात छापलंय तेवढंच बोलणारं एक लबाड मीटर हौसेनं घरी आणलं होतं. पुढं कितीतरी दिवस नवी पेठेत जायचं झालं की मी रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायचो. त्या मालकांनी मला एकदा पाहिलं आणि लांबूनच हात जोडले. ते नमस्काराचे होते की आणखी कशाचे, याचा मी तपास केला नाही.

पण दुपारची सुट्टी संपत आली होती आणि उपाय हवा होता. त्या रेडिओच्या पाठीला एक छोटी खुंटी होती. तिच्या वरखाली एका रांगेत भोकं आणि भोकांवर वरून खाली उतरते आकडे, घरात जेवढा दाब असेल तेवढ्या आकड्याच्या भोकात खुंटी बसवायची. मला ती खुंटी ठाऊक होती. मीटर दोनशे तीस म्हणत होतं म्हणून मी तिला हात लावला नव्हता, एवढंच. माग सुरू झाले, रेडिओ गेला. मी रेडिओचं बटण बंद केलं, खुंटी काढून सगळ्यांत खालच्या आकड्यावर बसवली, बटण लावलं. थोड्या वेळानं व्हॉल्व्ह तापले आणि खोली भरून गाणं आलं.

बायको भिंतीला टेकून खालीच बसली.

"एक अडचण आहे," मी म्हणालो. "माग थांबले की दाब चढणार. तेव्हा खुंटी खाली राहिली तर व्हॉल्व्ह जळतील. थांबल्या थांबल्या वर करायला हवी. आणि मला माग थांबलेले कळत नाहीत."

"मला कळतात," सासरे म्हणाले.

तेव्हापासून पट्टी सुटेपर्यंत हीच व्यवस्था. ते उताणे पडलेले, डोकं वाळूच्या पिशव्यांत, हात छातीवर, गाणंही ऐकतायत आणि भिंतही. माग थांबायला लागले की, शेवटचा थांबायच्या आधीच, "जावईबापू, वर." सुरू झाले की, "खाली." मी जेवत असलो तर ताटावरून उठायचो. डोकं एकदाही हललं नाही. पट्टीकडे हात गेला नाही. त्यांना आता काम होतं, आणि कामावर असताना ते कधी जागा सोडत नसत.

विश्वास मात्र त्यांनी शेवटपर्यंत ठेवला नाही. मी खुंटी बदलून बटणाकडे हात नेला की ते म्हणत, "थांबा. आधी दाखवा." मग मी बंद रेडिओ उचलून त्यांच्या छातीशी धरायचो. ते एका बोटानं पाठीवरची भोकं वरून मोजत खाली यायचे, खुंटीला बोट लागलं की तिथं जरा थांबायचे, पुन्हा वरून मोजायचे, आणि मग म्हणायचे, "हं. लावा."